मुखपृष्ठं सगळ्यांकडे असतात, आतली पानं कशी दाखवायची? (दिवाळी अंक आणि पुस्तकांच्या मांडणीचा पोर्टफोलिओ)

निळीशाई | सोमवार, रात्री १०.४०

मंडळी, नमस्कार. बरीच वर्षं वाचनमात्र होते. पहिलाच धागा आहे, सांभाळून घ्या.

मी सांगलीची. सात वर्षं मांडणीची कामं करते. तीन दिवाळी अंक, एका संस्थेचं त्रैमासिक आणि चाळीसेक पुस्तकं झाली. मजकूर अजूनही निम्म्या वेळा श्रीलिपीत (म्हणजे युनिकोडात नसलेल्या जुन्या फाँटांत) येतो, तो युनिकोडात आणायचा आणि मग हललेले रफार नि फुटलेली जोडाक्षरं वेचत बसायचं, हे रोजचंच. आता दोन ठिकाणी प्रयत्न चाललाय. एक पुण्यातलं प्रकाशन, त्यांना पुस्तकांसाठी बाहेरून काम करणारं माणूस हवंय. दुसरं मुंबईतलं इंग्रजी मासिक, तिथे पूर्णवेळ नोकरी.

पुण्याला गेल्या आठवड्यात जाऊन आले. टॅबवर ६४ पानांची पीडीएफ नेली होती. पंधरा दिवस खपून केलेली. संपादकबाईंनी पहिली दहा-बारा पानं भराभर सरकवली. सगळी मॉकअप होती हो. संगमरवरी टेबल, कॉफीचा कप, कुंडीतलं मोठं पान आणि त्यावर तिरपा ठेवलेला अंक. मग म्हणाल्या, "छान दिसतंय. पण यात वाचायचं कुठं?" मी घाईघाईने एक आतलं पान काढलं. त्यांनी टॅब डोळ्यांजवळ नेला आणि म्हणाल्या, "अनुक्रमणिकेतला नु दीर्घ पडलाय." झालं. चहा मात्र चांगला होता.

राग नाही आला, कारण त्यांचं बरोबर होतं. पण घरी येऊन बघते तर माझ्याकडे दाखवण्यासारखी मुखपृष्ठंच जास्त. दिवाळी अंकांची मुखपृष्ठं रंगवणारे दलाल, मुळगावकर ही नावं आपल्याला घरबसल्या माहीत असतात. त्याच अंकांची आतली पानं कुणी लावली, हे किती जणांना सांगता येईल? आतलं पान नीट लागलं की ते दिसतच नाही. मग न दिसणारं काम दाखवायचं कसं? किती पानं, कुठली, छापील न्यायचं की पडद्यावर दाखवायचं? आणि इंग्रजी मासिकवाल्यांना मराठी काम दाखवून उपयोग असतो का?

मुद्राराक्षस | सोमवार, रात्री ११.०५

पहिल्याच धाग्यात माझी दखल घेतल्याबद्दल आभारी आहे. मी सगळीकडे असतो, पण मोठ्या टाइपात राहायला मला विशेष आवडतं. मजकुरातला मी कुणाला तरी सापडतो. शीर्षकातला छापून येतो.

पाणंद | मंगळवार, सकाळी ७.१५

मी टेबलाच्या पलीकडच्या बाजूने लिहितो. आमचा दिवाळी अंक जिल्ह्याच्या गावातून निघतो, लहानच आहे, पण नेमाने निघतो. दर जूनमध्ये दोन-तीन मांडणीवाले भेटायला येतात आणि सगळे मला सुंदर पानं दाखवतात. सुंदर पान मार्चमध्ये निवांत बसून कुणालाही करता येतं. मला तुमचा ऑक्टोबर बघायचा असतो.

म्हणजे काय, तर कथा लागून झालेली असते. शेवटच्या आठवड्यात पतसंस्थेची अर्ध्या पानाची जाहिरात येते, आणि ती नाकारता येत नाही, कारण कागदाचं बिल तिच्यावरच भागायचं असतं. एक ज्येष्ठ कवी तीन कवितांच्या जागी पाच पाठवतात. रंगीत फर्मा (एका मोठ्या कागदावर एकत्र छापली जाणारी सोळा पानं) एकच आहे आणि चित्रकाराने निळ्या रंगावर अवलंबून असलेलं चित्र काळ्या-पांढऱ्या फर्म्यात जाणाऱ्या लेखासाठी काढलंय. अशा वेळी तुम्ही काय केलंत ते सांगा. बाकी सगळं मी अंकात बघून घेईन.

चार-पाच वर्षांपूर्वी इचलकरंजीकडचा एक मुलगा आला होता. त्याने पिशवीतून आधी काय काढलं असेल? डमी! कागद दुमडून केलेली, हाताच्या पंजात मावेल एवढी, पेन्सिलीने पान क्रमांक टाकलेली. नऊ फर्मे, १४४ पानं. जाहिराती पिवळ्या मार्करने. एका कथेच्या चौकटीत १४ खोडून १२ केलेलं. मी विचारलं, दोन पानं कुठे गेली? त्याने अंक उघडून दाखवलं. पूर्ण पानाचं चित्र अर्ध्यावर आणलं होतं, शीर्षकाच्या पानावरची मोकळी जागा निम्मी केली होती, आणि लेखकाशी बोलून एका ओळीचे तीन-चार परिच्छेद आधीच्यांना जोडून घेतले होते. टाइप मात्र पाव पॉइंटानेही बारीक केला नव्हता. म्हणाला, "दिवाळी अंक वाचणारे आमच्या घरी आजी-आजोबाच आहेत." मी त्याची मुखपृष्ठं बघितलीसुद्धा नाहीत. अजून आमचं काम तोच करतो.

निळीशाई | मंगळवार, सकाळी ८.०२

डमी? मी तर अंक छापायला गेला की डमी फेकून देते!

पाणंद | मंगळवार, सकाळी ८.१०

फेकू नका. निदान मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

चकचकीत | मंगळवार, दुपारी १२.३०

थोडा उलटा सूर लावतो. मॉकअपला एवढी नावं ठेवू नका हो. मला गेल्या दोन वर्षांत मिळालेली निम्मी कामं इन्स्टाग्रामवरून आलीत, आणि तिथे अंगठा थांबतो तो कॉफीच्या कपापाशीच. समोरचा माणूस आत आलाच नाही तर तुमच्या ओळींमधलं अंतर बघणार कोण? बिहान्सवरही (डिझाइनवाले आपली कामं टाकतात ती साइट) तेच. दुकानाची पाटी आणि दुकानातला माल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पाटी नकोच असं म्हणू नका.

निळीशाई | मंगळवार, दुपारी १.१५

पटलं. माझं चुकलं ते हे की मी पाटी उचलून दुकानात नेली.

खिळेवाला | मंगळवार, संध्याकाळी ६.२०

वयाने या धाग्यावर मीच मोठा असेन. सदाशिव पेठेतल्या एका छापखान्यात उमेदवारी केली, तेव्हा खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं, जुळवायचो. पुढे फोटोटाइपसेटिंग आलं, मग पेजमेकर आलं, मग गुडघे गेले.

आमचे मालक नव्या माणसाला फार प्रश्न विचारत नसत. छापलेला एक कागद मागत आणि खिडकीपाशी उजेडावर धरत. पुढच्या पानाच्या ओळींवर पाठच्या पानाच्या ओळी बरोबर बसल्या आहेत का, एवढंच बघत. पाठपोट ओळी जुळल्या तर माणूस कामाचा. न जुळल्यास कागदातून मागची अक्षरं दोन ओळींच्या मधल्या पांढऱ्यात डोकावतात, पान मळकट दिसतं आणि वाचणाऱ्याला कळतही नाही की डोळे का शिणताहेत. हल्ली त्याला बेसलाइन ग्रिड म्हणतात म्हणे. नाव काही असो, पडद्यावर पान उजेडावर धरता येत नाही. त्यामुळे छापील प्रत न्यायचीच.

पण गठ्ठा नेऊ नका. तीन पुस्तकं पुरेत. ज्या पानांवर बोलायचं तिथे आधीच कागदाच्या चिठ्ठ्या घाला. समोरच्याच्या हातात पुस्तक द्या आणि गप्प बसा. हे सगळ्यांत अवघड असतं. त्याला पुस्तक उघडू द्या, मधोमध दाबून बघू द्या. शिवणीकडचा समास कमी पडला असेल तर त्याला तो तिथेच कळेल, आणि तुम्हीही शिकाल. कागदाबद्दल विचारलं तर उत्तर तयार हवं: मॅपलिथो का, नॅचरल शेड का, किती जीएसएम (कागदाचं वजन), आणि तो का निवडला. "प्रेसने दिला तो" हे उत्तर खरं असलं तरी देऊ नये.

निळीशाई | मंगळवार, रात्री ९.४८

काका, आत्ता ट्यूबलाइटखाली माझी सहा पुस्तकं धरून बघितली. चार जुळतात. दोन कवितासंग्रह आहेत, त्यांत सगळा गोंधळ आहे. 😬

खिळेवाला | मंगळवार, रात्री १०.३०

कवितेला कडव्यांमध्ये अर्धी ओळ सोडली असणार. पूर्ण सोडायची.

फाँटफुटाणा | बुधवार, सकाळी ११.२०

माझा पैसा फक्त लिपीवर. मी स्वतः दोन माणसं निवडायला बसलोय, आणि मराठी कामाच्या पोर्टफोलिओत पहिल्या मिनिटात नजर कुठे जाते ते सांगतो.

ल आणि श. पाकळीचा ल आणि देठाचा श, ही मराठीची रूपं. राज्य सरकारने ६ नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयात तीच प्रमाण धरली आहेत. बरेच युनिकोड फाँट मुळात हिंदी वळणाची अक्षरं दाखवतात आणि मराठी रूपं आत लपवून ठेवलेली असतात. इनडिझाइन या मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये मजकुराची भाषा मराठी निवडली की, फाँटात ती असतील तर, आपसूक बदलतात. वर्ल्ड-रेडी कंपोझर (त्यातली आपल्या लिप्यांसाठीची सोय) लावलेला नसला तर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाऊन बसते, तो वेगळा विनोद. मग ऱ्य. 'दुसऱ्या' हा शब्द रफार चढून 'दुसर्या' झालेला दिसला की मी समजतो, या माणसाने रूपांतर केलं आणि परत वाचलं नाही. मी तर मुद्दाम 'कऱ्हाड', 'तऱ्हा' असले शब्द शोधतो.

आणि कृपा करून नमुन्याच्या पानात "मराठी मजकूर मराठी मजकूर मराठी मजकूर" भरू नका. अशा मजकुरात प्रत्येक ओळ सारख्या लांबीची येते, कुठलंच जोडाक्षर खाली लोंबत नाही, वरची मात्रा-अनुस्वार कशालाच धडकत नाहीत. 'ट्ट', 'द्ध', 'ङ्‌म' असलेली खरी ओळ लावा, म्हणजे ओळींमधलं अंतर तुम्ही विचार करून ठेवलंय की इंग्रजीचं उचललंय ते कळतं. लॅटिनला पुरणारं अंतर देवनागरीला कोंडतं.

अवांतर: एका उमेदवाराने अख्खी कादंबरी मंगलमध्ये लावली होती. र. कृ. जोशींनी तो फाँट संगणकाच्या पडद्यासाठी केला. छापील कादंबरीत तो वीजबिलासारखा दिसतो.

काठावरचा | बुधवार, रात्री ११.५५ (इथले ८.२५)

बर्लिनहून. मूळचा नाशिकचा, इथे एका मासिकाच्या डिझाइन विभागात आहे. तुमच्या शेवटच्या प्रश्नाबद्दल लिहितो, कारण मी त्यातून गेलोय.

इथे यायच्या आधी माझ्याकडे ऐंशी टक्के काम मराठी होतं. ते लपवावं आणि दोन इंग्रजी ब्रोशर पुढे करावीत असं मला वाटायचं. सुदैवाने एका मैत्रिणीने अडवलं. मुलाखतीला मी एक आरोग्यविषयक त्रैमासिक नेलं. समोरच्या बाईला एक अक्षर वाचता येत नव्हतं. तिने पान माझ्यासमोर धरलं आणि बोट ठेवत गेली: "हे शीर्षक. हा लेखकाचा परिचय. ही चौकट मुख्य लेखाचा भाग नाही. इथून पुढच्या पानावर जायचं." सगळं बरोबर. मग म्हणाली, मला भाषा येत नसताना रस्ता सापडला, म्हणजे पान चाललंय. त्या दिवसापासून ज्याला मराठी येत नाही अशा माणसापुढे पान ठेवून बघणं ही माझी कसोटीच झाली.

मात्र मदत करावी लागते. प्रत्येक जोडपानाखाली इंग्रजीत दोन ओळी: लेख कशाबद्दल आहे, अडचण काय होती. एकाच ठिकाणी, सगळीकडे नको, ग्रिड फिक्या रेषांनी वरून दाखवा. आणि पानं नेहमी जोडीने दाखवा, समोरासमोरची. सुटं पान दाखवणं म्हणजे नवरदेवाचा एकट्याचा फोटो. लग्न झालंय की नाही कळत नाही.

मुलाखतीत सगळ्यात जास्त वेळ गेला तो "यात तू काय केलंस?" यावर. चित्र कुणी निवडलं, शीर्षक कुणी छोटं केलं, संपादक कुठे अडला. आपल्याकडे एकच माणूस मांडणी, फोटो सफाई, मुद्रितशोधन आणि प्रेसला फोन, सगळं करतो, म्हणून आपण सरळ "मी केलं" म्हणतो. ते खरं असतं, पण मोडून सांगायला हवं. आणि जे दुसऱ्याने केलं त्याचं नाव घालायचंच. मासिकाची कचेरी म्हणजे माणसांचं कोंडाळं असतं, श्रेय खाणारा माणूस तिथे लगेच ओळखू येतो.

अर्धविराम, | गुरुवार, सकाळी १०.०५

मी अप्लाइड आर्टच्या शेवटच्या वर्षाला आहे. छापून आलेलं काहीच नाही. मी काय दाखवू? कॉलेजचे प्रोजेक्ट सगळ्यांचे सारखेच असतात.

पाणंद | गुरुवार, सकाळी १०.४०

कालनिर्णय घ्या नाहीतर पंचांग घ्या आणि एक महिना स्वतः लावून बघा. गंमत नाही करत. तिथी, नक्षत्र, सूर्योदय, सण, सगळं एका चौकटीत. तक्ता लावता येणारा माणूस मला कवितेचं पान लावणाऱ्यापेक्षा दुर्मीळ वाटतो.

काठावरचा | गुरुवार, दुपारी ३.३०

आणि प्रताधिकार संपलेला मजकूर घ्या. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं धरतात. केशवसुत १९०५ मध्ये गेले, बालकवी १९१८ मध्ये. दोघांच्या कविता मोकळ्या आहेत. पण आठ कवितांचं देखणं पुस्तक करून थांबू नका. त्यात टिपा घाला, शब्दार्थ घाला, कालपट घाला, म्हणजे चार प्रकारचा मजकूर एका घरात नांदवावा लागेल. वर स्पष्ट लिहा की हे स्वतःहून केलेलं काम आहे. खऱ्या प्रकाशनाचं बोधचिन्ह लावून खरं भासवणारे बघितलेत, चौकशीचा एक फोन गेला की संपतं.

कलमबहाद्दर | गुरुवार, संध्याकाळी ७.००

प्रताधिकाराचा विषय निघालाय तर एक सांगतो, धंद्याने वकील आहे. नोकरीत असताना केलेल्या कामाच्या प्रताधिकाराचा पहिला मालक, करारात वेगळं नसेल तर, १९५७ च्या कायद्याच्या कलम १७ प्रमाणे नोकरी देणारा असतो. तुम्ही बाहेरून काम करत असाल तर करार वाचा. दोन्हीकडे पोर्टफोलिओत दाखवायची परवानगी ईमेलने मागून ठेवा, बहुतेक लोक हो म्हणतात. अप्रकाशित मजकूर मात्र दाखवू नका. दिवाळी अंकातली कथा सप्टेंबरमध्ये दुसऱ्या संपादकाला दाखवलीत तर कायद्याच्या आधी तुमचं नाव जाईल.

चकचकीत | गुरुवार, रात्री ८.१५

यावरून आठवलं. एका ठिकाणी (नाव नको) मला "चाचणी म्हणून" बारा पानं लावायला सांगितली. फुकट. लावली. काम मिळालं नाही. दोन महिन्यांनी त्यांच्या अंकात तोच सांगाडा, तीच चौकट, फक्त रंग बदलून. तेव्हापासून चाचणी दोन पानांची, आणि त्याहून जास्त हवी असेल तर पैसे. निळीशाई, हे आधीच बोलून घ्या. बोलायला लाज वाटते, पण नंतर जे वाटतं ते जास्त वाईट असतं.

निळीशाई | तीन आठवड्यांनी, रविवार, रात्री ९.३०

धागा वर काढतेय, कारण वृत्तांत द्यायचं कबूल केलं नसलं तरी द्यायला हवा.

६४ पानांची १८ केली. चारच कामं ठेवली. सगळ्यात जास्त जागा एका पाककृतींच्या पुस्तकाला दिली, जे मी आधी घेतलंच नव्हतं, कारण मुखपृष्ठ माझं नव्हतं आणि मला ते आवडतही नव्हतं. लेखिकेने साहित्य आणि कृती एकाच परिच्छेदात लिहून दिली होती: "मग दोन वाट्या रवा घ्या, तो आधी भाजून ठेवलेला असावा." मी साहित्य बाजूला समासात काढलं, वाट्या-चमच्यांची मापं उजवीकडे एका ओळीत आणली, आणि प्रत्येक कृती जोडपानातच संपेल असं बसवलं. पीठ लागलेल्या हाताने पान उलटायला लागू नये म्हणून. पोर्टफोलिओत डावीकडे लेखिकेच्या हस्तलिखिताचं पान (तिची परवानगी घेऊन), उजवीकडे छापील पान. खाली दोन ओळी. बस. कॉफीचा कप हद्दपार. चकचकीत, तुमच्यासाठी तो इन्स्टावर ठेवलाय.

एक बिघडलेलं कामही घातलं. त्रैमासिकाच्या एका अंकात बारीक काळा मजकूर चारही रंगांतून गेला होता, छापताना रजिस्टर हललं (रंग एकमेकांवर नेमके बसले नाहीत) आणि अक्षरांना गुलाबी कडा आल्या. पुढच्या अंकापासून मी प्रेसला पीडीएफ पाठवण्याआधी काळा वेगळा तपासते, हे लिहिलं. घालू की नको यावर दोन रात्री गेल्या.

पुण्याला पुन्हा वेळ मागितली. बाईंनी दिली, हेच मला नवल. यावेळी तीन पुस्तकं नेली, चिठ्ठ्या घालून. काका, गप्प बसले. मनात साठपर्यंत आकडे मोजले. त्यांनी पाककृतीचं पुस्तक उघडलं, खिडकीकडे वळल्या आणि पान उजेडावर धरलं!! मला हसू फुटलं, त्यांनी का म्हणून विचारलं, मी या धाग्याबद्दल सांगितलं. गुलाबी कडांच्या पानावर मात्र त्या बराच वेळ थांबल्या आणि त्यांच्याकडे असंच झालेल्या एका पुस्तकाची गोष्ट सांगायला लागल्या. अर्धा तास त्यातच गेला.

एक पुस्तक दिलंय. पैसे ठरवून, लेखी.

मुंबईच्या मासिकाकडून काही आलेलं नाही. दोनदा मेल केला. काठावरचा म्हणाले तशा इंग्रजी ओळी घातल्या होत्या, पण कदाचित उघडलीच नसेल. फाइल ९ एमबीची होती, त्यामुळे ते कारण नसावं.

फाँटफुटाणा | रविवार, रात्री १०.१०

अभिनंदन! 'दुसऱ्या' तपासलात ना?

निळीशाई | रविवार, रात्री १०.२२

तपासला. सगळीकडे. 'सुऱ्या' राहिला होता, पाककृतीचं पुस्तक आहे ना.

खिळेवाला | सोमवार, सकाळी ६.४०

छान झालं. कोणतं पुस्तक दिलं? कथा की वैचारिक?

निळीशाई | सोमवार, सकाळी ९.०५

इतिहासाचं, काका. साडेतीनशे पानं आणि तळटिपा २१२. काही तळटिपा मूळ पानापेक्षा मोठ्या आहेत आणि लेखक म्हणतात, त्या पुस्तकाच्या शेवटी अजिबात टाकायच्या नाहीत. तुमचा नंबर व्यनि (व्यक्तिगत निरोप) कराल का? नाहीतर तळटिपांचा वेगळा धागाच काढते.